'मशीन हेड'ची सात गाणी क्रमाने लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुलगाव-आर्वीच्या पट्ट्यातल्या खेड्यांमधली, आणि आता दारव्हा-मूर्तिजापूरकडचीही, रॉक ऐकणारी मंडळी उन्हाळ्यात एक अल्बम निवडते आणि त्यातली गाणी आपापल्या पसंतीने क्रमाने लावते. यंदा डीप पर्पलचा 'मशीन हेड' आहे. चिठ्ठ्या माझ्याकडे जमा होतात, म्हणून शंकाही माझ्याकडेच येतात. पुन्हा पुन्हा आलेल्या शंकांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत.

१. हा अल्बम कोणाचा, आणि यंदा हाच काऊन?

डीप पर्पल हा इंग्लंडचा बँड. 'मशीन हेड' मार्च १९७२ मध्ये आला. वाजवणारे पाच जण: गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बेस गिटारवर रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवर इयन पेस.

हाच निवडला कारण गाणी सातच आहेत, त्यामुळे पहिल्यांदा क्रम लावणाऱ्याचीही दमछाक होत नाही. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. या अल्बममधलं एक गाणं इतकं गाजलं की बाकीची सहा त्याच्याखाली झाकली गेली. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ती एक धून वाजली की सगळे माना डोलावतात, पण अख्खा अल्बम ऐकलेला माणूस शोधावा लागतो. क्रम लावायला बसलं की ती सहा गाणी ऐकावीच लागतात. हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच आहे.

२. गाणी कोणती, आणि कोणत्या क्रमाने आहेत?

मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूला 'हायवे स्टार', 'मेबी आय अ‍ॅम अ लिओ', 'पिक्चर्स ऑफ होम' आणि 'नेव्हर बिफोर'. दुसऱ्या बाजूला 'स्मोक ऑन द वॉटर', 'लेझी' आणि 'स्पेस ट्रकिन'. सगळं मिळून साडेसदतीस मिनिटांच्या आसपास. याच क्रमाने ऐका. मोफत ॲपवर गाणी आपोआप उलटसुलट लागतात, तेव्हा एकेक गाणं हाताने लावा. बाजू बदलते तिथे दोन मिनिटं थांबलात तर उत्तमच, कारण 'नेव्हर बिफोर' संपल्यावर लगेच 'स्मोक'ची धून कानावर आदळली की आधीची चार गाणी पुसली जातात.

३. इंग्रजी समजत नाही. मग कसं ठरवायचं?

अडचण नाही. आपल्याकडे चांगली चांगली माणसं दुसऱ्या भाषेतली कव्वाली तल्लीन होऊन ऐकतात. तरी विषय माहीत असलेला बरा, म्हणून थोडक्यात सांगतो. 'हायवे स्टार' म्हणजे आपल्या गाडीवर आणि वेगावर जीव टाकणारा माणूस. 'लिओ' म्हणजे सिंह रास, ती गिलनची स्वतःची. गाणं मात्र हातातून निसटलेल्या प्रेमाचं आहे. 'पिक्चर्स ऑफ होम'मध्ये बर्फाळ डोंगरांत एकटा पडलेला माणूस आहे. 'स्मोक' ही एका खऱ्या आगीची हकिकत आहे (प्रश्न ८ पाहा). 'लेझी' आळशी माणसावर, आणि 'स्पेस ट्रकिन' अंतराळात मोकाट भटकण्यावर. त्या काळात माणूस चंद्रावर ये-जा करत होता, हे लक्षात ठेवून ते ऐका.

पुण्याला कंपनीत कामाला गेलेली आपल्याकडची पोरं 'पिक्चर्स ऑफ होम' हमखास वर टाकतात. का ते मी त्यांना विचारत नाही.

४. मोबाइलवर ऐकलं तर चालते का? घरी मोठा साउंड नाही.

मोबाइलवर चालतं, पण त्याच्या स्पीकरवर नाही. त्या इवल्या स्पीकरमधून खालचा जाड आवाज बाहेरच येत नाही, आणि या अल्बममध्ये रॉजर ग्लोव्हरचा बेस गेला तर निम्मं घर गेलं. 'पिक्चर्स ऑफ होम'च्या उत्तरार्धात वाद्यं आळीपाळीने पुढे येतात, त्यात बेसचाही एक स्वतंत्र तुकडा आहे. तो मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मग लोक लिहितात की गाणं मध्येच रिकामं वाटलं. साधे वायरवाले इअरफोनही पुरतात. ट्रॅक्टरच्या टेपवर बेस छान मिळतो, फक्त इंजिन बंद ठेवा. गाणी दिवसा उतरवून घ्या, कारण रात्री लाइन गेली की टॉवरही झोपतो.

५. आवडीचा क्रम लावायचा की चांगल्या गाण्याचा?

आवडीचा. 'हे गाणं थोर आहे असं सगळे म्हणतात' हे कारण चिठ्ठीत चालत नाही. पण आवड ताजी हवी. पंधरा वर्षांपूर्वी कॅसेटवर ऐकलेलं आठवून क्रम लिहू नका. या हंगामात अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐका, एका दिवसाआड पुन्हा ऐका, आणि मग पेन हातात घ्या. दुसऱ्याचा क्रम आधी विचारू नका. पारावर एकदा चर्चा झाली की सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्या दिसायला लागतात.

६. गुण कसे मोजता?

पहिल्या क्रमांकाला ७ गुण, दुसऱ्याला ६, असं उतरत सातव्याला १. एका चिठ्ठीत एकूण २८ गुण वाटले जातात. सगळ्या चिठ्ठ्यांतले गुण गाण्यागणिक मिळवायचे आणि जास्त गुणांचं गाणं वर. ही पद्धत निवडली कारण यात फक्त पहिली पसंती मोजली जात नाही. कोणाच्याही चिठ्ठीत पहिलं नसलेलं, पण सगळ्यांच्या चिठ्ठीत दुसरं-तिसरं असलेलं गाणं यात वर येऊ शकतं. गुण सारखे झाले तर प्रश्न १४ पाहा.

७. 'स्मोक ऑन द वॉटर'च पहिलं येणार, हे ठरलेलंच आहे. मग मतदान कशाला?

ठरलेलं काहीच नाही. खुद्द बँडलाही ते गाजेल असं वाटलं नव्हतं. त्यांचा भरवसा 'नेव्हर बिफोर'वर होता. १९७२ मध्ये सिंगल म्हणून (म्हणजे एका गाण्याची वेगळी छोटी तबकडी) आधी तेच बाहेर काढलं, आणि इंग्लंडच्या खपाच्या यादीत ते पहिल्या तिसातही पोचलं नाही. 'स्मोक' सिंगल म्हणून यायला १९७३ उजाडलं, आणि अमेरिकेत ते चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. म्हणजे ज्यांनी गाणी केली त्यांचाही अंदाज फसला. मग आपण आधीच निकाल लावून का बसायचं?

माझं मत असं की 'स्मोक'ची धून थोर आहे आणि त्यातली हकिकतही थोर आहे. पण आपण ते लग्नाच्या बँडपासून रिंगटोनपर्यंत इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की आपले कान त्याच्यापुरते बोथट झालेत. म्हणून एक करून पाहा: पहिलं कडवं येईपर्यंत कोण कधी येतं तेवढंच ऐका. आधी एकटी गिटार. मग पेसची झांज आणि तिच्यासोबत लॉर्डचा खरखरीत ऑर्गन. मग बाकीचे ड्रम. बेस सगळ्यात शेवटी, आणि तो आला की पायाखाली जमीन आल्यासारखी वाटते. एवढं ऐकून मग त्याला जागा द्या, पहिली असो की पाचवी.

८. ती आग खरंच लागली होती का?

हो. बँड डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावी रेकॉर्डिंगसाठी आला होता. हे गाव जिनिव्हा सरोवराच्या काठी आहे. तिथल्या कसिनोच्या सभागृहात रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या इंग्लिश बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओही येऊन उभा होता. ४ डिसेंबरला त्याच सभागृहात फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम होता. कार्यक्रम सुरू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताकडे फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा सोडणारी बंदूक) झाडली. छताने पेट घेतला आणि सगळी इमारत जळून गेली. लोक मात्र बाहेर पडू शकले. गाण्यात 'फंकी क्लॉड' म्हणून ज्याचा उल्लेख आहे तो क्लॉड नोब्स, माँत्रोच्या जॅझ महोत्सवाचा संस्थापक. लोकांना बाहेर काढायला तो धावून गेला होता. बँडची मंडळी सरोवरावर पसरत गेलेला धूर पाहत होती. पाण्यावर धूर हे शब्द ग्लोव्हरला काही दिवसांनी झोपेतून जाग येताना सुचले.

जागा गेल्यावर ते 'पॅव्हिलियन' नावाच्या नाट्यगृहात गेले. तिथे या गाण्याचा वाद्यांचा भाग कसाबसा झाला आणि आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले. शेवटी हिवाळ्यात रिकामं पडलेलं 'ग्रँड हॉटेल' मिळालं. तिथल्या बोळकांडीत गाद्या उभ्या करून त्यांनी आवाजाला आडोसा केला. ट्रकपर्यंत जाऊन आपलंच रेकॉर्डिंग ऐकायचं तर खोल्या, न्हाणीघरं आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून त्यांनी ते ऐकणंच सोडलं. वाजवलेलं जमलं असं वाटलं की पुढचं गाणं. या अल्बममध्ये जो मोकळेपणा आहे त्यात या अडचणीचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

९. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. यात पेटीसारखा आवाज कुठून येतो? आणि 'स्मोक'ची धून पेटीवर निघते का?

तो हॅमंड ऑर्गन. पेटीसारखी स्वरपट्टी, पण भाता नाही. आत विजेवर फिरणाऱ्या दातेरी चकत्या असतात आणि प्रत्येकीसमोर चुंबकावर गुंडाळलेली तार. चकती फिरली की त्या तारेत सुराचा प्रवाह तयार होतो. जॉन लॉर्डने हा ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवला. म्हणून तो फाटल्यासारखा, गिटारच्या खांद्याला खांदा लावून येतो. बऱ्याच ठिकाणी गिटार वाटते तो ऑर्गन असतो. 'लेझी'ची सुरुवात आणि 'हायवे स्टार'मधला पहिला एकल तुकडा (गिटारचा त्याच्यानंतर येतो) या दोन जागा पेटीवाल्याने मुद्दाम ऐकाव्यात.

धून पेटीवर सहज निघते. मूळ पट्टी पांढरी पाच. तीन तुकडे आहेत. पहिला: सा ग म. दुसरा: सा ग, मग तीव्र म आणि लगेच शुद्ध म. तिसरा: सा ग म ग सा. सगळीकडे ग कोमल. एवढ्याने चाल ओळखू येते, पण तिचं वजन येत नाही, कारण ब्लॅकमोर प्रत्येक वेळी दोन तारा एकदम वाजवतो. म्हणून प्रत्येक स्वराखाली जोडीचा स्वर धरा: सा खाली मंद्र प, कोमल ग खाली मंद्र कोमल नि, शुद्ध म खाली सा, तीव्र म खाली कोमल रे. सगळ्या जोड्या षड्ज-मध्यम नात्यातल्या आहेत. भाता जोरात मारू नका, स्वर तोडून तोडून वाजवा.

गिटार शिकणाऱ्यांनी तिसरी आणि चौथी तार एकदम धरावी: मोकळी, तिसरा पडदा, पाचवा, मोकळी, तिसरा, सहावा, पाचवा, मोकळी, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळी. पत्ती नको. ब्लॅकमोर ती बोटांनी ओढतो, म्हणून दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात.

१०. 'मेबी आय अ‍ॅम अ लिओ' ऐकताना ठेका चुकल्यासारखा वाटते. माझ्याच कानाचा दोष का?

कान बरोबर आहे. ती धून ग्लोव्हरची आहे, आणि ती मुद्दाम पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही, थोडी मागून येते. तबल्यावर बसणाऱ्याला हे चटकन कळतं. पेसच्या ड्रमवर हाताने टाळी धरा आणि धून टाळीच्या कोणत्या बाजूला पडते ते पाहा. हे गाणं नेहमी खाली जातं त्याचं मोठं कारण म्हणजे 'हायवे स्टार'च्या धावपळीनंतर ते लगेच येतं आणि मंद वाटतं. एकदा ते एकटंच ऐकून पाहा.

११. 'लेझी'त चार मिनिटं कोणी गातच नाही. तेवढं पुढे ढकललं तर?

ढकललं तर चिठ्ठीत 'लेझी'ला जागा देऊ नका, कारण तुम्ही ते ऐकलेलंच नाही. सव्वासात मिनिटांच्या या गाण्यात गिलन चार मिनिटं उलटून गेल्यावर तोंड उघडतो, आणि तोवर ऑर्गन आणि गिटार एकमेकांशी बोलत असतात. आपल्याकडे शास्त्रीय मैफलीत आलाप चालू असताना कोणी 'बंदिश कधी?' म्हणून ओरडत नाही. गिलन यात माउथ ऑर्गनही वाजवतो, तो चुकवू नका.

१२. मी ऐकलेल्या फाइलमध्ये आठ गाणी आहेत. आणि 'मेड इन जपान'मधली चालतात का?

आठवं बहुधा 'व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज'. ते त्याच वेळी रेकॉर्ड झालं, पण अल्बमवर घेतलं नाही. 'नेव्हर बिफोर'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला ते निघालं, आणि पुढच्या काळातल्या सीडींवर आलं. सुंदर गाणं आहे, क्रमात मोजत नाही. १९९७ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ग्लोव्हरने नव्याने मिसळलेली (वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवलेली) गाणीही आहेत. क्रमासाठी मूळ मिश्रणच ऐका.

'मेड इन जपान' हा डीप पर्पलच्याच ऑगस्ट १९७२ मधल्या ओसाका आणि टोकियोच्या कार्यक्रमांचा अल्बम. त्यात या सातांपैकी चार गाणी आहेत आणि 'स्पेस ट्रकिन' तर वीस मिनिटांच्या घरात गेलं आहे. ते ऐकून कोणी 'स्पेस ट्रकिन' पहिलं टाकलं तर मला त्याचं मन कळतं, पण गुण साडेचार मिनिटांच्या मूळ गाण्याला द्यायचे आहेत.

१३. 'स्मोक' खाली पाडायचं म्हणून कोणी मुद्दाम सातवं टाकलं तर?

तसं होऊ शकतं. म्हणून सातव्या क्रमांकापुढे एक ओळ कारण लिहायचं आहे, गाण्यातली एखादी जागा सांगून. 'बोअर आहे' हे कारण धरत नाही. 'मधला हळू भाग बाकीच्या गाण्यात बसत नाही' असं लिहिलं तर धरतो ('नेव्हर बिफोर'बद्दल हे कारण बरेचदा येतं, आणि ते खरं आहे). सगळ्यात मन लावून ऐकायची गरज सातव्या गाण्यालाच असते, असं मी मानतो. पाच मित्रांनी मिळून एकच क्रम उतरवून दिला आणि पाचही कारणं शब्दशः सारखी निघाली, तर ती एकच चिठ्ठी धरतो. बापलेक एकाच मोबाइलवर ऐकत असतील तर चिठ्ठ्या दोन, आणि लिहायच्या वेगवेगळ्या बसून.

१४. दोन गाण्यांना सारखे गुण पडले तर?

मग फक्त त्या दोघांची तुलना करायची. समजा तीन चिठ्ठ्या आहेत. दोघांनी 'हायवे स्टार' पहिलं आणि 'लेझी' दुसरं टाकलं, तिसऱ्याने 'लेझी' पहिलं आणि 'हायवे स्टार' तिसरं. 'हायवे स्टार'चे ७, ७ आणि ५ मिळून १९. 'लेझी'चे ६, ६ आणि ७ मिळून तेही १९. पण दोन चिठ्ठ्यांत 'हायवे स्टार' वर आहे, म्हणून तेच वर.

पेच तिघांत पडतो. पहिलं दुसऱ्याला हरवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि तिसरं परत पहिल्याला. असं झालं तर तिघांना एकच क्रमांक. दुसऱ्या क्रमांकावर तिघं असतील तर पुढचं गाणं पाचवं. सोडत काढून किंवा नाणं उडवून निकाल लावत नाही.

१५. वरची तीनच पक्की आहेत, खालच्या चारांत फरकच वाटत नाही.

तीनच लिहा. त्यांना ७, ६, ५. उरलेल्या चारांचे ४, ३, २ आणि १ मिळून १० होतात, ते सारखे वाटून प्रत्येकी अडीच. कारणाची ओळ (प्रश्न १३) मग लागत नाही. पण त्याआधी त्या चारांना आणखी एक फेरी द्या, विशेषतः 'लिओ'ला.

१६. तुमचा क्रम कोणता?

मोजणी माझ्याकडे असल्याने माझी चिठ्ठी धरली जात नाही, म्हणून सांगतो. तुमचा लिहून झाला नसेल तर हे उत्तर सोडून पुढे जा.

'हायवे स्टार' पहिलं. त्यातला गिटारचा तुकडा ब्लॅकमोरने ऐन वेळी सुचेल तसा न वाजवता आधी बसवून घेतला होता. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या धाटणीच्या त्या सुरावटी जिन्यासारख्या चढत जातात, आणि आता संपेल वाटतं तिथे अजून एक पायरी निघते. दुसरं 'पिक्चर्स ऑफ होम', त्यातल्या खोट्या शेवटासाठी: गाणं थांबतं, आपण हात पुढे करतो, आणि ते परत उठून उभं राहतं. मग 'लेझी', 'स्मोक', 'स्पेस ट्रकिन', 'लिओ' आणि 'नेव्हर बिफोर'.

१७. चिठ्ठी कधीपर्यंत द्यायची? नंतर क्रम बदलला तर?

मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपर्यंत. त्यानंतर मोजणारे सगळे पेरणीच्या मागे असतात. तोवर क्रम कितीही वेळा बदला, शेवटची चिठ्ठी धरतो. कागदावर वर गावाचं नाव आणि तारीख टाका, गाण्यांची नावं मराठीत लिहिली तरी चालतात. 'स्मोक'ला नुसतं 'धूर' लिहिलेली चिठ्ठीही मोजतो.